क्रोधाचें प्रायश्चित्त

रागाच्या भरांत दुसऱ्यावर हात टाकलेल्या मनुष्यास न्यायाधीशानें तुरुंगांत न धाडतां शाळेंत धाडावें, ही गोष्ट आपल्याकडील पुष्कळ वाचकांस अद्याप नवलाची वाटेल. अमेरिकेंत ती नेहमींची झाली आहे. शेजाऱ्याशीं मारामारी केली, रस्त्यांत कोणाच्या गाडीवर धावून गेला, बायकोला मारलें, कीं आरोपीनें ठराविक तासांचे राग आवरण्याचे वर्ग पुरे करावे आणि तसें प्रमाणपत्र दाखल करावें, अशी आज्ञा होते. अलीकडे हे वर्ग घरबसल्याही होऊं लागले आहेत. संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर पाठ वाचावयाचे, प्रश्नांचीं उत्तरें निवडावयाचीं, पैसे भरावयाचे, आणि चार तासांचें, आठ तासांचें, बारा तासांचें, जसें हवें तसें प्रमाणपत्र छापून घ्यावयाचें. कांहीं न्यायालयें तें मान्य करितात. कांहीं न्यायालयें समक्ष हजेरीशिवाय दुसरें कांहीं चालवून घेत नाहींत.

ह्या प्रकाराला हसणें सोपें आहे, आणि हसणाऱ्यांची बाजू अगदींच लंगडी नाहीं. परंतु रागीट माणसास दंड करावा कीं शिकवावें, शिकवलें तर तो शिकला हें कोणीं ठरवावें, आणि ज्याच्या अंगावर मार पडला त्याचें ह्या सगळ्यांत काय, हे प्रश्न अमेरिकेनें काढलेले नाहींत. आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या उंबरठ्यावर ते नऊशें वर्षांपूर्वीं विचारले गेले होते. त्या वेळच्या व्यवस्थेंत जी फट राहिली तीच आजच्या पडद्यावरच्या प्रमाणपत्रांत पुन्हां दिसते, असें मला वाटतें. म्हणून हें जुनें दप्तर पुन्हां उलगडीत आहें.

उमरगा तालुक्याच्या पूर्वेस, हल्लीं कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यांत मोडणारें बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) तेथें राज्य करीत असतां विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. बंगाल सोडल्यास हिंदुस्थानच्या बहुतेक भागांत हिंदूंच्या वारसाहक्काचे वाद ह्या टीकेच्या आधारानें तुटत आले. त्यामुळें वकीलमंडळींस ती वांटणीचें पुस्तक म्हणूनच ठाऊक असते. परंतु मूळ स्मृतींत आणि टीकेंत वांटणीइतकेंच मन लावून भांडणाचेंही विवेचन केलें आहे. वाक्पारुष्य म्हणजे शिवीगाळ आणि दंडपारुष्य म्हणजे अंगावर हात टाकणें, अशीं दोन स्वतंत्र प्रकरणें त्यांत आहेत. बरोबरीच्या माणसावर नुसता हात उगारला तर १० पण दंड, पाय उगारला तर २०. केंस धरून किंवा वस्त्र धरून हिसका दिला तर १०. काठीनें मारलें, दुखलें, पण रक्त निघालें नाहीं तर ३२. रक्त दिसलें कीं दुप्पट. शिवाय जखम बरी होईपर्यंतचा खर्च मारणाऱ्यानें द्यावयाचा. वेडाच्या किंवा मद्याच्या अंमलाखालीं हातून असें घडलें तर दंड माफ आहे. पण रागाचें नांव त्या सवलतींत घेतलेलें नाहीं. ‘मला राग आवरला नाहीं’ एवढ्या सबबीवर कल्याणीच्या धर्मसभेंत सुटका होण्याजोगी नव्हती. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याची गरज लागणार आहे.

दंड राजाच्या पेटींत पडला म्हणजे प्रकरण संपलें, असेंही हा ग्रंथ मानीत नाहीं. व्यवहाराध्याय संपल्यावर तिसऱ्या अध्यायांत प्रायश्चित्तें येतात, आणि तेथें रागाकडे पाहण्याची दृष्टि बदलते. गुरूला ‘हूं’ करून झिडकारलें किंवा अरे-तुरे केलें, तर तत्काळ त्याची मनधरणी करावी आणि तो दिवस उपवास करावा. ब्राह्मणावर काठी उगारली तर कृच्छ्र, मारली तर अतिकृच्छ्र, रक्त काढलें तर कृच्छ्रातिकृच्छ्र. ह्यांतलें साधें प्राजापत्य कृच्छ्रच १२ दिवसांचें आहे: ३ दिवस फक्त सकाळीं जेवावें, ३ दिवस फक्त रात्रीं, ३ दिवस न मागतां कोणी वाढील तेवढेंच, आणि शेवटचे ३ दिवस निराहार. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर हा १२ दिवसांचा अभ्यासक्रमच होय. ज्याला क्षणाचाही विलंब सोसवला नाहीं त्याला दररोजच्या भुकेच्या वेळीं विलंब सोसावयास लावणें, ही त्यांतील योजना सहज दिसून येते. सेनेका नांवाच्या रोमन ग्रंथकारानें क्रोधावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला; त्याचाही भर विलंबावरच आहे. आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. गुरूच्या प्रकरणांत मनधरणी आधीं सांगितली आहे, उपवास नंतर. ज्याचें मन दुखावलें तो प्रसन्न झाल्यावांचून नुसत्या उपासाला तेथें किंमत नाहीं.

इतकें चांगलें शास्त्र असतां तें ढिलें कां पडलें? दोन कारणांनीं. पहिलें कारण म्हणजे प्रत्याम्नाय, म्हणजेच बदली प्रायश्चित्त. अशक्त, वृद्ध, आजारी माणसास १२ दिवसांचें कृच्छ्र झेपत नाहीं, म्हणून त्याऐवजीं एक गाय दान द्यावी, अशी सोय धर्मशास्त्रानें ठेवली. गाय नसेल तर तिची किंमत द्यावी. मूळ हेतु दयेचा होता ह्यांत शंका नाहीं. परंतु सोय एकदां ठेवली कीं सशक्तही अशक्त होतात. पुढील निबंधग्रंथांत कोणत्या कृच्छ्राला किती गाई आणि त्या गाईंऐवजीं किती नाणें, ह्याचे हिशोब वाचले म्हणजे आपण धर्मग्रंथ वाचीत आहों कीं दरपत्रक, असा संभ्रम पडतो. भूक सोसावयाची ती देह सोडून पैशाच्या थैलीनें सोसली, आणि पापी मनुष्य होता तसाच घरीं परत गेला. चार तासांच्या वर्गाचे पैसे भरून, पाठ न वाचतांच पडद्यावर पुढें पुढें सरकत जाणारा आजचा अपराधी ह्या प्रत्याम्नायाचाच वारस आहे. त्याला हसणाऱ्यांनीं आपल्या आजोबांच्या घरांतले दानाचे हिशोब आठवावेत.

दुसरें कारण अधिक कडू आहे, आणि तें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. ही सगळी मोजदाद बरोबरीच्यांसाठीं, वरच्यांसाठीं आणि ब्राह्मणांसाठीं होती. खालच्या दर्जाच्या माणसास शिवी दिली तर दंड निम्मा होई. आणि घरांत? मनुस्मृतीनें बायको, मुलगा, चाकर, शिष्य आणि धाकटा भाऊ ह्यांनीं अपराध केल्यास दोरीनें किंवा बांबूच्या कांबीनें मारण्याची मुभा दिली आहे. अट एवढीच कीं पाठीवर मारावें, डोक्यावर मारूं नये. ही मर्यादा ओलांडणारा चोराइतका दोषी. म्हणजे गुरूला ‘हूं’ म्हटल्याबद्दल दिवसभर उपाशी राहणाऱ्या माणसानें संध्याकाळीं बायकोच्या पाठीवर कांब ओढली, तर त्याला शास्त्र विचारीत नव्हतें. रागाचा सर्वांत मोठा भाग जेथें खर्च होतो त्या उंबऱ्यापाशीं येऊन शास्त्रकाराचा तराजू थांबला.

ग्रंथानें जिला जागा दिली नाहीं तिला ह्याच जिल्ह्यांतील एका कथेनें दिली. तेरचे गोरा कुंभार महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहींत? तेर म्हणजे प्राचीन तगर. तेरणेच्या कांठीं गोरोबाकाकांचें मंदिर आहे, आणि ज्ञानदेव-नामदेवांच्या मांदियाळींत वयानें वडील म्हणून त्यांना काका म्हणत. नामस्मरणाच्या तंद्रींत चिखल तुडवितांना त्यांच्या पायांखालीं तान्हें मूल सांपडलें, ही गोष्ट सर्वांना माहीत असते. तिच्या पुढचा भाग मात्र कीर्तनांत बहुधा घाईनें उरकला जातो. महीपतीनें ‘भक्तविजयां’त (१७६२) ही कथा दिली आहे. मुलाच्या शोकानें बेभान झालेली बायको देवाला आणि नवऱ्याला बोल लावूं लागली. भजनांत व्यत्यय आला म्हणून गोरोबांना क्रोध आला, आणि ते काठी घेऊन तिच्यावर धावले. तेव्हां तिनें विठ्ठलाची आण घातली, कीं मला हात लावूं नका. त्या क्षणापासून तो हात थांबला तो थांबलाच. सासऱ्यानें धाकटी मुलगी देऊन दोघींना सारखें वागवा म्हटलें, तर गोरोबांनीं तेंही आणेचेंच कलम समजून दोघींनाही स्पर्श केला नाहीं. पुढें त्या दोघींनींच निजलेल्या नवऱ्याचे हात आपल्या अंगावर ओढून घेतले. जाग येतांच आण मोडली म्हणून गोरोबांनीं ते हात तोडून टाकले. शेवटीं पंढरपुरास देवानें हात आणि मूल दोन्ही परत दिलीं, असा कथेचा गोड शेवट आहे.

ह्या कथेंतील प्रत्येक घटना इतिहास म्हणून घ्यावी, असें मी म्हणत नाहीं. पण पिढ्यान्‌पिढ्या ती सांगणाऱ्या समाजाला काय सुचलें होतें तें पाहण्यासारखें आहे. मनाईहुकूम काढणारी व्यक्ति राजा नाहीं, परिषद नाहीं. जिच्यावर काठी उगारली गेली ती बाई आहे. आणि तो हुकूम तिनें अशा सत्तेच्या नांवानें काढला, कीं जी तिचा नवरा मनापासून मानीत होता. त्याला प्रत्याम्नाय नव्हता. गाय देऊन ती आण सुटण्यासारखी नव्हती. तिची किंमत त्या बाईलाही संसारसुख गमावून द्यावी लागली, हें मात्र कीर्तनकारांनीं अधूनमधून बोलून दाखवावें.

आतां थोडें सरकारदरबाराकडे वळूं. १८५३ च्या तहानें निजामानें नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवालीं केला. ठगांवरील कादंबरीमुळें प्रसिद्ध झालेला मेडोज टेलर कांहीं वर्षें तेथें अधिकारी होता, आणि तुळजापूरची पार्श्वभूमि असलेली ‘तारा’ ही त्याची कादंबरी १८६३ सालीं निघाली. १८६० सालीं हा मुलूख निजामास परत मिळाला, आणि योगायोग असा कीं त्याच सालीं इंग्रजांनीं हिंदुस्थानचा दंडसंग्रह मंजूर केला. त्यामुळें शेजारच्या सोलापुरांत तो १८६२ पासून लागू झाला, तरी ह्या जिल्ह्यांत हैदराबादचे स्वतःचे कायदे चालू राहिले. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर १९५१ सालीं तो येथें लागू झाला. त्या संग्रहांत साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद सांगितली होती. पण तीच दुखापत गंभीर व आकस्मिक चिथावणीमुळें केलेली असेल तर एकच महिना. मिताक्षरेंत रागाला जी सूट नव्हती ती येथें मिळाली. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेनेंही, जी १ जुलै २०२४ पासून अंमलांत आली, ही सूट कायम ठेवली आहे.

कायद्यानें रागाला अशी सूट दिल्यावर त्याला घड्याळही घ्यावें लागलें. नौदलांतील अधिकारी कावस नानावटी ह्यांनीं १९५९ सालीं मुंबईंत पत्नीच्या मित्रास गोळ्या घातल्या. ज्यूरीनें ८ विरुद्ध १ अशा मतांनीं त्यांना निर्दोष ठरविलें. पण उच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला, आणि १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शिक्षा कायम केली. नानावटींनीं घर सोडलें तें दुपारीं दीडच्या सुमारास, आणि गोळी सुटली चारच्या पुढें. मधल्या तीन तासांत मनुष्य शांत होऊं शकतो, मग हा राग आकस्मिक कसा, असा न्यायमूर्तींचा मुद्दा होता. राग किती वेळांत निवतो हें न्यायालयानें ठरविलें. पण तो कसा निववावा, हें शिकविण्याचें काम मात्र आपल्या फौजदारी कायद्यानें कधीं अंगावर घेतलें नाहीं. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानें चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेऊन अपराध्यास सोडतां येतें, व त्याला अटीही घालतां येतात. नव्या संहितेंत समाजसेवेची शिक्षा आली आहे, पण ती किरकोळ चोरी, अब्रूनुकसानी, दारू पिऊन केलेलें सार्वजनिक गैरवर्तन अशा मोजक्या अपराधांपुरती. हात टाकणारा तिच्यांतून बाहेरच राहिला.

शिकविण्याची कल्पना अमेरिकेंत रुजली तिच्या मागें दोन निरनिराळे विचार आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यानेंच बराच घोंटाळा होतो. रेमंड नोव्हाको नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें १९७५ सालीं क्रोधनियंत्रणावर पुस्तक लिहिलें. रागाची चाहूल ओळखावी, मनांत उठणारें वाक्य बदलावें, शरीर सैल सोडावें, अशी ती शिकवण. ज्याला खरोखरच राग आवरत नाहीं त्याला ती उपयोगी पडते. परंतु मिनेसोटांतील डुलूथ शहरीं १९८१ सालीं जो उपक्रम सुरू झाला त्याच्या चालकांनीं निराळेंच सांगितलें: बायकोला मारणारा पुरुष बहुधा राग अनावर होऊन मारीत नाहीं; ती आपल्या मुठींत राहावी म्हणून मारतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानें अशा अपराध्यांसाठीं निदान एक वर्षाचा, दर आठवड्यास दोन तासांचा अभ्यासक्रम ठरविला तो ह्याच समजुतीनें.

ह्या दुसऱ्या म्हणण्याची साक्ष आपल्याला डुलूथपर्यंत जाऊन आणावयाची गरज नाहीं. मुकादमानें उचल नाकारली, सावकारानें चारचौघांत पाणउतारा केला, फौजदारानें दोन तास चौकींत ताटकळत उभें ठेवलें, तरी ज्याचा हात जागचा हालत नाहीं, त्याचाच हात घरीं भाकरी करपली म्हणून उठतो. मग राग आवरतां येत नाहीं तो कोणाला? त्याला तो उत्तम आवरतां येतो. कोठें आवरावा आणि कोठें आवरूं नये हें त्याला मनूइतकेंच पक्कें ठाऊक आहे. अशा माणसाला दीर्घ श्वास घ्यावयास शिकवून काय होणार? फार तर तो दीर्घ श्वास घेऊन मारील.

आपल्याकडे न्यायालयाच्या आज्ञेनें शिकविण्याची जी थोडी सोय आहे ती कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यांत आहे. तत्पूर्वीं मुंबईंत टाटा समाजविज्ञान संस्थेनें १९८४ सालीं पोलीस आयुक्तालयांतच स्त्रिया व मुलें ह्यांच्यासाठीं विशेष कक्ष उघडून ह्या कामाचा पाया घातला होता. २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आलेल्या ह्या कायद्याच्या १४ व्या कलमानें दंडाधिकाऱ्यास दोघांपैकीं कोणा एकास किंवा दोघांसही समुपदेशनास पाठवितां येतें, आणि तसें पाठविल्यास पुढील तारीख दोन महिन्यांच्या आंत ठेवावी लागते. नियमांत एक वाक्य असें आहे कीं तें वाचून मला मिताक्षरेची आठवण झाली: केलेल्या हिंसेचें कसलेंही समर्थन समुपदेशनांत ऐकून घेतलें जाणार नाहीं, हें प्रतिपक्षास आरंभींच सांगावें. पुन्हां असें करणार नाहीं, अशी हमी त्याच्याकडून घ्यावयाची. दंडसंग्रहानें रागाला जी सूट दिली ती ह्या एका खोलींत काढून घेतली आहे.

ही खोली धाराशिव जिल्ह्यांत कोठें आहे, हा मात्र व्यवहाराचा प्रश्न आहे. आठ तालुक्यांचा हा जिल्हा. परंड्याच्या किंवा लोहाऱ्याच्या खेड्यांतून जिल्ह्याच्या गांवीं जावयाचें म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. कळंब, वाशी, भूम ह्या बाजूचीं किती तरी कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन साखरकारखान्यांच्या फडांवर जातात तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. दोन महिन्यांच्या आंतली तारीख त्यांच्या कोपीपर्यंत पोंचणार कशी? २०२० च्या साथींत सर्वोच्च न्यायालयानें देशभर दूरदृश्य पद्धतीनें कामें चालविण्यास वाट मोकळी केली, तेव्हांपासून पडद्यावरील सुनावणी आपल्या अंगवळणीं पडली आहे. समुपदेशनही त्या वाटेनें जाईल हें उघड आहे. आणि जावें, असेंच मी म्हणेन. फडावर असलेल्या माणसाला आठवड्यांतून एकदां कोणी विचारणारा असणें, अजिबात कोणी नसण्यापेक्षां बरें. मारणाऱ्याच्या शेजारीं त्याच बांकावर बसण्याची पाळी बाईवर येऊं नये, हाही पडद्याचा मोठाच फायदा.

परंतु येथें एक साधी अडचण आहे, आणि ती कायदेपंडितांपेक्षां गांवांतल्या कोणत्याही बाईला आधीं कळेल. पुष्कळ घरांत फोन एकच असतो, आणि तो त्याच्या खिशांत असतो. त्या फोनवरून ‘आतां घरीं कसें आहे’ असें समुपदेशकानें तिला विचारलें, तर तो समोर बसला असतां ती काय सांगणार? पडद्यावरचा वर्ग त्याच्या हजेरीचे तास बिनचूक मोजील. तिचें उत्तर त्यांत कोठेंच मोजलें जाणार नाहीं. गुरूच्या बाबतींत जी मनधरणी स्मृतीनें उपवासाच्या आधीं ठेवली, ती बायकोच्या बाबतींत अजूनही तासांच्या नंतर, आणि कोणाच्या लक्षांत आली तर, अशीच राहिली आहे. म्हणून वर्ग पडद्यावर होवोत, पण तिचा जबाब त्या फोनवर घेऊं नये. संरक्षण अधिकाऱ्यानें, अंगणवाडीच्या ताईनें किंवा गांवांतील दुसऱ्या कोणा विश्वासाच्या बाईनें तिला एकटीला गांठून तो घ्यावा, तारखेच्या आधीं घ्यावा, आणि त्याच्या प्रमाणपत्राच्या वर लावावा.

गोरोबांचीच दुसरी एक गोष्ट आहे. संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईनें काकांना, ह्यांतलें कोणतें मडकें भाजलें आहे आणि कोणतें कच्चें, तें पाहा म्हणून सांगितलें. काकांनीं थापटणें घेतलें आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत चालले. बाकीचे गप्प बसून राहिले. नामदेवांना मात्र तें सोसलें नाहीं, ते चिडले. हें मडकें कच्चें, असें काकांनीं सर्वांसमक्ष सांगून टाकलें. नामदेव रडत पंढरीस गेले, देवापाशीं गाऱ्हाणें केलें. पण देवानेंही काकांचा निकाल फिरविला नाहीं. त्यांना औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे शिकावयास जावें लागलें.